साडेएकतीस फेरे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधडी पिळायचं. माघ सरत आला होता, ऊन चांगलं पडलं होतं, म्हणून बायकोनं दोन जाड गोधड्या भिजत घातल्या. ओली गोधडी एकट्याला पिळत नाही. एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. समोरासमोर उभं राहून दोघांनीही आपापल्या उजव्या अंगाला पीळ द्यायचा. मी दरवेळी डावीकडं द्यायचो. मग गोधडी नुसती गोल फिरायची आणि पाणी थेंबभर गळायचं नाही.

"आवं, उलटं! उलटं फिरवताय!" ती ओरडली. "शंभर आटं बिनचूक पाडणारा माणूस तुमी, आन् गोधडी कुठल्या अंगाला पिळायची त्ये अजून समजंना व्हय?"

"तूच फिरव की तुझ्या डावीकडं."

"चाळीस वर्सं मीच फिरवतीय डावीकडं. आज तुमी शिका."

शिकलो. पाणी घळाघळा गळलं. दोन्ही गोधड्या दोरीवर टाकल्या. दुपारी भाकरी खाऊन ती भिंतीला टेकून बसली ती तिथंच गेली. मी बाहेर हात धूत होतो. हाक मारली तर ओ दिली नाही.

आता घरात बोलायला कोण नाही, म्हणून लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्ध-अशुद्ध बघू नका. तिनं त्या दिवशी ज्या शंभर आट्यांवरनं मला टोमणा मारला, त्यांचीच गोष्ट सांगायची आहे. लोक म्हणतात, वर्कशॉपातल्या जुन्या मशीनला मी वाचवलं. खरं काय ते सांगायला ती आता नाही, तर मीच सांगितलं पाहिजे.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही म्हसवडकडनं मेंढरं विकून सांगलीला आलो. ती मूळची जतकडची, पार कानडी मुलखाच्या काठावरची. तिचा बाप घोंगडी विणायचा. मी सांगलीत एका वर्कशॉपमधे आधी लोखंड उचललं, मग झाडलोट केली, मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली लेथ शिकलो. म्हातारा गेल्यावर त्याची मशीन माझ्याकडं आली. पंच्याहत्तर-शहात्तरचा सुमार असेल.

मशीन इंग्रजांच्या काळातली, कातडी पट्ट्यावर चालणारी. बाजूला दोन नव्या लेथ होत्या, पण त्यांच्यावर सर्टिफिकेटवाली पोरं. मला त्यांना हात लावायची सोय नव्हती. मला येत होती ती एकच मशीन, आणि ती मशीन चालवायला येणारा मी एकटाच. आमचं दोघांचं एकमेकांवाचून भागत नव्हतं.

लेथवर आटे, म्हणजे स्क्रूवरचे पीळ, कसे पडतात ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वर चकमधे, म्हणजे मशीनच्या जबड्यात, लोखंडाचा दांडा धरून तो फिरवायचा. खाली लांब आट्यांचा एक दुसरा दांडा असतो, त्याला लीड स्क्रू म्हणतात. तो फिरला की हत्यार डावीकडं सरकतं आणि फिरत्या दांड्यावर आटे कोरत जातं. वरचं फिरणं आणि खालचं फिरणं यांची सांगड मधली दात्यांची चाकं घालतात. चाकं बदलली की आटे जाड-बारीक होतात. आमच्याकडं वीस दात्यांपासून एकशेवीस दात्यांपर्यंत, पाच-पाचच्या फरकानं चाकं होती. सगळा कारभार इंचाचा. लीड स्क्रूला इंचात चार आटे, म्हाताऱ्यानं भिंतीवर लिहून ठेवलेला चाकांचा तक्ता इंचाचा, हत्यार घासायचा कोनसुद्धा इंचवाल्यांचा.

मग सहा-सात वर्षांनी जिल्ह्यातल्या एका पंपाच्या कारखान्याचं काम आलं. सोळा मिलीमीटरचा दांडा, त्याच्या टोकाला आटे, दर आटा दोन मिलीमीटरचा. मालक म्हणाला, "दोन मिलीमीटर म्हंजे इंचात तेराच आटं की. पाड." मी तक्त्यात बघून तेराची चाकं लावली आणि दोन डझन दांडे काढले. आमच्याच मशीनवर केलेला नट त्यांच्यावर लोण्यागत फिरला.

कारखान्याचा तपासनीस साहेब आला. तरणा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट. त्यानं पेटीतनं दोन पोलादी रिंगा, म्हणजे मापाचे गेज, काढल्या. एक रिंग दांड्यावर शेवटपर्यंत गेली पाहिजे. दुसरी अजिबात जाता कामा नये. गेली तर आटे ढिले. पहिली रिंग त्यानं माझ्या दांड्यावर चढवली. दोन फेरे गेली आणि अडकली. दुसरा दांडा, तेच. तिसरा, तेच.

"नापास," साहेब म्हणाला.

मालकानं नट पुढं केला. "आवं साहेब, हे बघा की. आमच्या नटात कसा बसतोय!"

"हा नट कुठल्या मशीनवर केलाय?"

"ह्याच."

"म्हणजे बापाचं वय पोराला विचारल्यागत झालं की हो."

पोरं हसली. साहेब पुढच्या सोमवारी परत येतो म्हणाला. दोन्ही रिंगा आमच्याकडंच ठेवल्या, आणि साठ अंशाची खाच असलेली पत्र्याची एक लहान पट्टी मला दिली. म्हणाला, "मिस्त्री, हत्याराचं टोक या खाचेत बसवून घासा. मिलीमीटरच्या आट्याचा कोन वेगळा असतो."

त्यानंतर आम्ही जो शहाणपणा केला तो आमच्यासारख्यांनाच सुचायचा. रिंग अडकते ना? मग घासायची पेस्ट लावा. मी दोन दिवस दांड्यांना पेस्ट लावून नट मागंपुढं फिरवत बसलो. आटे झिजले. पहिली रिंग सरकायला लागली, मालक खूष झाला. मग मी दुसरी रिंग लावून बघितली, जी जायला नको ती. ती पण सुळकन आत गेली. दांडे नुसते खराब केले होते. चूक तशीच होती आणि वर लोखंड वाया.

"गेजच खोटं असंल," एक पोरगं म्हणालं.

"तुझा बाप खोटा," मी म्हणालो. पोलादाची रिंग खोटी बोलत नाही एवढं मला कळत होतं.

मग कुणीतरी सांगितलं की इंचाच्या लेथवर मिलीमीटरचे आटे पाडायचे तर एकशे सत्तावीस दात्यांचं चाक लागतं. आमच्यात ते नव्हतं. पलीकडच्या गल्लीतल्या वर्कशॉपवाल्याकडं नव्या लेथचं होतं. तो भला माणूस, दिलं त्यानं. चाक छातीशी धरून मी पळतच आलो. बसवलं. फिरवलं. कट्‌कन आवाज झाला आणि आमच्या पन्नासच्या चाकाच्या एका दात्याचा टवका उडून गेला.

चाकवाला आला, बघून म्हणाला, "गड्या, ह्ये हुयाचंच न्हाई. माज्या चाकाचं दातं मिलीमीटरच्या मापाचं, तुज्या चाकांचं इंचाच्या. जाडी येगळी. एकमेकांत बसणारच न्हाईत. माजं एक चाक घेऊन भागणार न्हाई, समदी चाकं बदलाय लागतील."

"मग?"

"मग चाकं बसवायची दांडी बदलाय लागंल. मग..." त्यानं हात वर केले. "मग मशीनच नवी घे की."

मालकालाही तेच पटलं. शुक्रवारी त्यानं खडूनं माझ्या लेथवर मोठी फुली मारली. "सोमवारी साहेबाच्या रिंगेतनं दांडा पास झाला तर ठीक. न्हाईतर ही भंगारात. तुला बघू, गोडाऊनवर राखणीला दारात बसवतो."

दारात बसवतो. मी मेंढरं राखलेला माणूस, दारात बसायला लाज वाटायची नाही. पण सात वर्षं घासून कमावलेला हात दारात बसून काय करणार? ते बोल मला लागले.

शनिवारी संध्याकाळी ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. तिला आटा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिनं लेथ कधी बघितलीही नव्हती. ती ऐकत राहिली, मधेच विचारलं, "एका आट्यात फरक किती पडतोय?"

"दिसतच न्हाई. केसाएवढा."

"मग बघताय कशाला एकाकडं?"

"म्हंजे?"

"माज्या बाकडं एक गिऱ्हाईक यायचं. त्येचा हात लांब, माज्या बाचा आखूड. त्यो म्हणायचा, माज्या हातानं सात हात घोंगडं पायजे. म्हणून काय बानं माग बदलला न्हाई. त्येच्या हातानं सात हात दोरी मापली, ती दोरी मागावर ताणली, आन् तिच्या लांबीत आपलं किती धागं बसत्यात त्ये मोजलं. एका धाग्यात फरक कुनाला दिसतोय? शंभर धाग्यांत दिसतोय. तुमी शंभर आटं फिरवा आन् मापा."

"आन् मापून काय करू? चाक न्हाई म्हणतोय मी."

"आधी मापा तरी. न मापताच रडाय लागलाय." भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "साहेबाच्या मापानं त्येचं मापा, मशीनच्या फेऱ्यानं तुमचं मापा. दोगांची गाठ कुटं पडतीया बघा."

रविवारी सुट्टी. मालकाकडनं किल्ली मागून घेतली. तो म्हणाला, "जा, शेवटचं भेटून ये तिला."

मी एकटाच होतो. पट्टा काढून ठेवला आणि लीड स्क्रू हातानं फिरवायला घेतला. हत्याराची बैठक त्याच्यावर सरकते. आधी दोन-चार फेरे वाया घालवले, ढिलाई निघेपर्यंत. मग सेंटिमीटरची पोलादी पट्टी लावली. दोन मिलीमीटरचे शंभर आटे म्हणजे वीस सेंटिमीटर. बैठक बरोब्बर वीस सेंटिमीटर जाईपर्यंत लीड स्क्रूचे किती फेरे होतात ते मोजायचं, बस. खडूची खूण करून मोजत गेलो. एकतीस झाले. अजून थोडं राहिलं. अर्धा फेरा फिरवला आणि बैठक खुणेवर आली.

साडेएकतीस.

चुकलं असेल म्हणून परत मोजलं. साडेएकतीस. तिसऱ्यांदा मोजलं, परत साडेएकतीस. मी लेथच्या बाजूला उकिडवा बसलो. वरचा दांडा शंभर वेळा फिरला की खालचा साडेएकतीस वेळा फिरला पाहिजे, एवढंच तर मागणं होतं. एकशे सत्तावीसचं चाक हा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता नसेलच असं कुणी सांगितलं होतं?

माझी शाळा चौथीपर्यंत, पण आमच्या मास्तरनं छडी मारून पाढे पाठ करून घेतले होते. फरशीवर खडूनं मांडलं. साडेएकतीस आणि शंभर. अर्धं नको म्हणून दोन्ही दुप्पट केले. त्रेसष्ट आणि दोनशे. त्रेसष्ट म्हणजे सात नव्वे त्रेसष्ट. दोनशे म्हणजे दहा विसे दोनशे. सात आणि नऊ वर, दहा आणि वीस खाली. सात दात्यांचं चाक जगात नसतं. म्हणून सगळ्यांना पाचानं गुणलं. सात पाचे पस्तीस. नऊ पाचे पंचेचाळीस. दहा पाचे पन्नास. वीस पाचे शंभर.

पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास, शंभर.

चारही चाकं माझ्या पेटीत होती! म्हाताऱ्या मिस्त्रीच्या काळापासनं तेल लावून ठेवलेली, आपल्याच घराण्याची, एकमेकांत बसणारी. मी एकटाच मोठ्यानं हसलो. पन्नासचं टवका उडालेलं होतं खरं, पण दुसरंही एक पन्नासचं होतं, जुनं, गंजलेलं. रॉकेलनं धुतलं, फडक्यानं पुसलं. चारही बसवली. चक हातानं शंभर फेरे फिरवला. पट्टी लावली.

वीस सेंटिमीटर. खुणेवर खूण.

घरी आलो तर ती दारातच. माझं तोंड बघून म्हणाली, "पडली गाठ?"

"पडली."

"मग हात धुवा. ताटातलं कोरड्यास निवतंय."

सोमवारी साहेब आला. मालक, दोन्ही पोरं, पलीकडचा चाकवाला, सगळे गोळा. भंगारवाल्यालाही मालकानं बोलावून ठेवलं होतं, तो दारात तराजू घेऊन बिडी ओढत बसला होता. मी दांडा लावला, आटे पाडले. आटे दिसायला सुरेख पडले. साहेबानं रिंग चढवली.

तीन फेरे. आणि अडकली.

मग एका पोरानं शीळ घातली. मालकानं खिशात हात घातले. भंगारवाला उठून उभा राहिला.

मी म्हणालो, "साहेब, पाच मिन्टं थांबा." चाकं बरोबर होती, ती मी मोजली होती. मग अडकतंय ते चाकांमुळं नाही. मग कशामुळं? मी हत्यार काढलं आणि टोक त्या पत्र्याच्या पट्टीच्या खाचेत ठेवून उजेडाकडं धरलं. दोन्ही बाजूंनी उजेड दिसत होता. पट्टी आठवडाभर माझ्या खिशात होती, आणि सकाळी हत्यार घासताना सात वर्षांच्या सवयीनं हातानं जुनाच कोन धरला होता. चाकं नवी मांडली, हात जुनाच राहिला.

"मूर्ख," मी स्वतःलाच म्हणालो. साहेब हसला, पण वाईट हसला नाही.

सहाणेवर हत्यार परत घासलं. खाचेत धरून बघितलं, परत घासलं. उजेड दिसायचा बंद झाला. नवा दांडा लावला. आटे पाडले. फडक्यानं पुसला. रिंग मी हातात घेतली नाही. त्यानंच चढवावी.

त्यानं दोन बोटांनी रिंग फिरवली. एक फेरा. दोन. तीन. चार. रिंग आपोआप फिरत असल्यागत गेली आणि शेवटी टेकून थांबली. मग दुसरी रिंग लावली. ती तोंडालाच अडली, कितीही फिरवली तरी गेली नाही. साहेबानं पेटीतनं कारखान्यातला नवा नट काढला, तो बसवला. बसला. आणखी तीन दांडे माझ्याकडनं करून घेतले. चारही पास.

"कुठलं चाक आणलंत?" त्यानं विचारलं.

"आणलं न्हाई. घरचीच."

तो वाकून बघायला लागला. पस्तीस, पन्नास, पंचेचाळीस, शंभर. खिशातनं कागद काढला, आकडेमोड केली, परत केली. मग मान वर करून म्हणाला, "फरक शोधायला गेलं तर दर आट्यामागं केसाचा शंभरावा भागसुद्धा नाही. मिस्त्री, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आमच्या घरात," मी म्हणालो.

"इंजिनिअर आहे कोण घरात?"

"न्हाई. भाकरी थापती."

पोरांना वाटलं मी चेष्टा करतोय. चाकवाला जोरात हसला आणि माझ्या पाठीत धपका घातला. "आयला गड्या, माजं चाक घेऊन गेलास, आन् त्येच्याबिगर काम केलंस!" मालक लेथपाशी गेला, मारलेली फुली स्वतःच्या शर्टाच्या बाहीनं पुसली, घासून घासून पुसली, आणि भंगारवाल्याला म्हणाला, "जावा आता. इथं काय न्हाई तुमचं." साहेब गेल्यावर त्यानं मला चहा स्वतः आणून दिला. तक्त्याखाली भिंतीवर खडूनं चार आकडे लिहिले. पुढं त्याच लेथवर मी त्या कारखान्याचे हजारो दांडे काढले. एक परत आला नाही.

घरी येऊन तिला सगळं सांगितलं. हत्याराचा कोन चुकला तेही. ती हसत बसली, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. मग म्हणाली, "पण त्ये शंभर फिरतंय तवा खालचं साडेएकतीस फिरतंय, ह्ये मला अजून पटंना. तुमी म्हणताय म्हणून खरं मानायचं व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला वर्कशॉपला घेऊन गेलो. मालकाला विचारलं नाही. ती दारात चपला काढायला लागली, मी म्हणालो, "अगं, राहू दे, लोखंडाचं कीस हाय खाली." पोरं कामं सोडून बघत राहिली. तिनं लेथ बघितली, चाकं बघितली, एकेकाला बोट लावून बघितलं. मी पट्टा काढून ठेवला, बैठक खालच्या दांड्याला जोडली, लीड स्क्रूवर खडूची खूण केली, चकवर दुसरी खूण केली, आणि तिचा हात धरून चकवर ठेवला.

"फिरव," मी म्हणालो. "वरचं तू मोज. खालचं मी मोजतो."